शेवट हाय तसा

"पापडात मीठ आधीच घातलंय. ज्यांना रडायचंय त्यांनी तोंड तिकडं करा."

असं म्हणून मावशी लाटणं पोळपाटावर उभं धरायच्या. लाटणं आडवं फिरत असेपर्यंत भिण्याचं कारण नसे. ते उभं झालं, की आम्ही सहाजणी समजून चुकायचो, कोरियात कोणीतरी जाणार.

तुमच्या आळीत अशी एखादी बाई असेल तर तुम्हाला पुढचं फार सांगावं लागणार नाही. नसेल तर असं समजा, की कर्जतला नदीच्या अलीकडे आमची तीन मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर, जिन्याला लागून, मावशींचं घर आहे. कशेळ्याच्या पुढे एका आश्रमशाळेत त्यांनी तीस वर्षं शिपाई म्हणून काढली. घंटा वाजवली, हजेरीपुस्तकं फिरवली, तापलेल्या पोरांच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि निवृत्त होऊन इथे आल्या. नवरा पूर्वीच गेलेला. मुलगा बडोद्याला नोकरीत. आईला एकटं वाटू नये म्हणून त्याने मोठ्या पडद्याचा मोबाईल दिला, आणि माझ्या मुलीने त्या मोबाईलमध्ये हिंदी बोलणारे कोरियन लोक घालून दिले. एकटेपणाचा प्रश्न तिथेच मिटला. आमचाही मिटला, ते असं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे उडदाचे पापड आळीपाळीने होतात. आज पहिल्या मजल्यावर, उद्या दुसऱ्या. ज्या घरचं पीठ, त्या घरी सगळ्याजणी जमतात आणि शेवटची लाटी संपेपर्यंत उठत नाहीत. पूर्वी एवढ्या वेळात आम्ही त्या दिवशी न आलेल्या बाईबद्दल बोलायचो. मावशी आल्यापासून कोरियाबद्दल बोलू लागलो आणि इमारतीतली भांडणं निम्म्यावर आली. सोळा भागांची मालिका त्या सहा घरांत बरोबर बसवायच्या.

नावं त्यांना जमायची नाहीत, किंवा जमवून घ्यायची नव्हती. हिरो उंच म्हणून 'लांबूटक्या'. पहिल्या भेटीत पाऊस पडतोच, म्हणून ती 'छत्रीवाली'. आणि तिच्यावर मुकाट्याने जीव टाकणारा आणखी एक भला मुलगा असतो, वेळेवर गरम काहीतरी आणून देतो आणि शेवटी एकटा राहतो, तो 'गुणी'.

"गुणी पोराचं असंच असतंय," मावशी लाटी दाबत म्हणायच्या. "लग्नात पंगत वाढायला पुढं, बोहल्यावर दुसराच."

ट्रकवर मात्र त्यांचा राग होता. अशा मालिकांत हिरोला कुठून तरी ट्रक येऊन उडवतो, हे तुम्ही पाहिलं असेल. "खोपोलीच्या घाटात ट्रकामागं ट्रक असतंय गं. ब्रेक तापून वास सुटलेला, तरी बिचारा सुखरूप खाली येतो. आन तिकडं? मोकळा रस्ता, एकच ट्रक, त्याला बरोबर आमचाच लांबूटक्या कसा सापडतो?"

पण राग आला म्हणून ट्रक वळवायच्या नाहीत. ज्याला उडवायचं त्याला उडवायच्याच.

मला हे पचायचं नाही, कारण गोष्टी सांगण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे आणि माझ्या गोष्टीत कोणी मरत नाही. मुलगी लहान असताना मी सांगितलेल्या गोष्टींत लांडगासुद्धा शेवटी भाजीभाकरीवर यायचा. यजमान म्हणतात, "हिच्या गोष्टीतल्या गावाला स्मशानच नाही. माणसं जातात कुठं?" म्हणू देत. पोरगी शांत झोपायची, हे कोणी बोलत नाही.

एकदा मी मावशींना म्हटलं, "शेवटी त्याला शुद्ध आली असं सांगा की. कोण कोरियाला जाऊन विचारणार आहे?"

"शेवटाला हात लावायचा नाय."

"पण का?"

"नाय म्हंजे नाय. हाय तसा सांगायचा."

माझी मुलगी मालिका सुरू करण्याआधीच शेवट गोड आहे की कडू ते शोधून ठेवते. कडू असला तर बघत नाही. तिने मावशींनाही ही युक्ती शिकवायला घेतली. मावशींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "लगीन करताना बी आधी शेवट इचारून घेशील काय गं?"

एका वर्षी शेवटचं घर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं आलं. त्यांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर. वहिनी म्हणाल्या, "आपल्या कहाण्या बघा मावशी, शेवटी सगळ्यांना पावतं. तुमच्या कोरियात कोणी कोणाला पावतच नाही. माझ्या घरात मुहूर्तमेढ रोवायची आहे. इथे रडका शेवट नको." आम्ही सगळ्या वहिनींच्या बाजूच्या. मला तर वाटलं, आता सापडल्या. आता तरी बदलावंच लागेल.

मावशींनी क्षणभर विचार केला. "बरोबर हाय तुमचं," म्हणाल्या. "चला, जिन्यात चला."

आणि सहा बायका पिठाने भरलेले हात कोपरातून वर धरून जिन्यात पायऱ्यांवर बसल्या. शेवट तिथे झाला. आम्ही इतक्या रडलो, की सिलिंडर खांद्यावर घेऊन वर येणारा गॅसवाला पाच पायऱ्या खाली थबकला. त्याने सिलिंडर हळूच टेकवलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"लांबूटक्या," मावशी म्हणाल्या.

"फार वय होतं का?"

"नाय रं. तिशीतला."

त्याने मान खाली घातली. सिलिंडरचे पैसेही त्या दिवशी त्याने मागितले नाहीत, दुसऱ्या दिवशी येऊन नेले.

माझी उत्सुकता मात्र गेली नाही. एक बाई एकटी राहते, आयुष्यात जे व्हायचं ते झालेलं आहे, आणि ही रोज दुपारी परक्या देशातलं दुःख ओढून आणते. तेही जसंच्या तसं, एक टिपूस न सांडता. मी दोन-चारदा विचारून पाहिलं. दर वेळी "हाय तसा" एवढंच उत्तर. मग मी नाद सोडला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचे पापड बिघडले. मावशींचा पापड म्हणजे वाटीने कापल्यासारखा गोल असायचा. त्या वर्षी प्रत्येक पापडाची डावी कड जाड राहू लागली. लाटी पोळपाटाच्या बाहेर पडायची. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. आम्ही त्यांची चेष्टाही केली. मी तर म्हटलं, "मावशी, आता पापडही तुमच्या गुणीसारखे लाटताय, एका बाजूने रुसलेले." हे वाक्य आठवलं की आजही जीभ चावावीशी वाटते.

मुलगा आला, पनवेलला घेऊन गेला. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांना. समोरचं दिसतं, कडेचं विझत विझत आत येतं, असं काहीसं. परत आल्यावर मुलाने मला गच्चीवर बोलावलं.

"काकू, आईला सांगू नका. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. थेंब घालून आहे ती जितकी टिकेल तितकी. आम्ही तिला सांगितलंय, औषधाने सहा महिन्यांत सगळं येईल. तुम्हीही तेच म्हणा. खचेल हो ती."

डोळे पुसत होता तो. आणि खोटं सांगावं लागतं म्हणून मला काही जड गेलं नाही. उलट वाटलं, अखेर माझ्या जोगतं काम आलं. जाताना त्याने स्वतःच्या अकलेने आईच्या मोबाईलमधल्या मालिकाही बंद केल्या. डोळ्यांना ताण नको म्हणून. मावशींची एक मालिका त्या वेळी ऐन रंगात होती. सोळापैकी चौदा भाग झालेले.

मग मावशी वाट पाहू लागल्या. शाळेतली जुनी पोरं, आता बापे आणि बाया झालेली, कधी बाजाराला कर्जतला आली तर त्यांच्याकडे डोकावायची. "बाई, आमच्या वाडीवर या की. घर बांधलंय. पोरगी झालीय, बघायला या." मावशी म्हणायच्या, "येते. नजर आली की येते. अशी काय येऊन आंधळ्यावाणी बसू?" नातवाचा व्हिडिओ आला तरी तेच, "ठेव तसाच, नजर आली की बघीन." मी बाजूला बसून मान डोलवायची. दोन महिने, तीन महिने. थेंब न चुकता पडत होते, आणि चौकट खांद्याला जास्तच लागू लागली होती.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "तुझ्याकडं एक काम हाय गं. ते दोन भाग राहिलेत. तू बघ आन मला येऊन सांग. पण हाय तसं."

"हाय तसं," मी शपथ घेतल्यासारखं म्हटलं.

दुपारी जेवणं आटोपून मी बसले. गोष्ट एका बेटावरची होती. बेटावर जाणाऱ्या बोटीच्या तिकीट खिडकीत बसणारा मुलगा आणि शहरातून आलेली मुलगी. ती शिकायला लांब जाते. तो म्हणतो, येशील तेव्हा याच खिडकीत असेन. पण त्याला असा आजार जडतो, की एकेक गोष्ट पुसली जाते. शेवटच्या भागात ती कितीतरी वर्षांनी परत येते. तो खिडकीतच असतो. शब्द पाळलेला असतो त्याने, पण कोणाला दिला होता ते आठवत नसतं. ती तिकीट मागते. तो देतो. "बेट छान आहे, पुन्हा या," म्हणतो, आणि पुढच्या माणसाकडे बघतो. बस. संपलं.

मी इतकी रडले, की यजमान चहा स्वतः करून घेऊन आले. आमच्या घरात ही मोठी घटना आहे.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या समोर बसले. त्या पाटावर, भिंतीला टेकून. डोळे माझ्याकडे लावलेले, पण माझ्या कानाच्या जरा पलीकडे. ते बघितलं आणि माझी जीभ आपोआप घरच्या वाटेला लागली.

"मावशी, तो ओळखतो तिला!" मी म्हटलं. "आधी नाही ओळखत. मग ती तिकीट घेते, बोटाला बोट लागतं, आणि त्याला एकदम सगळं आठवतं."

"एकदम?"

"एकदम. मग लग्न होतं. समुद्राच्या काठावर मांडव, फुलं, सगळं बेट जेवायला."

"रडला का गं तो?"

"रडला तर! त्याची आई पण रडली."

"आई?" मावशी म्हणाल्या. "काय नेसली होती आई?"

आता मी पुरती वाहवले होते. "हिरवी साडी," म्हटलं.

कोरियातली हिरवी साडी आम्हा दोघींच्या मधे तशीच लोंबत राहिली.

"त्याची आई धाव्या भागात गेली," त्या सावकाश म्हणाल्या. "मी सांगितलं तवा तू माझ्याच पदराला नाक पुसलंस."

मी हसण्याचा प्रयत्न केला. साधला नाही.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"तो इसरला, तरी ती आली ना? येवढ्या लांबून?"

"आली."

"तू त्याचं लगीन लावलंस. मंग तिचं येणं कुठं राहिलं?" मावशींनी पदराने तोंड पुसलं. "बरं. आता डोळ्याचं सांग."

"डोळ्याचं काय?"

"पोरगा म्हणतो येईल. तू म्हणतेस येईल. रोज सकाळी मी दाराची चौकट मोजते, रोज ती आत सरकते. कोणाला इचारू? म्हणून म्हटलं, आधी हिला मालिकेचं इचारून बघू. परक्याचं खरं सांगितलं, तर माझं बी खरं सांगत असंल."

बाहेर कोणीतरी नळाखाली बादली लावली होती. ती भरून वाहायला लागली तरी आम्ही दोघी ऐकत बसलो. मुलाला मी शब्द दिला होता. तो खोटा नव्हता, मायेचा होता. पण त्याच्या भरवशावर ही बाई थोडीशी उरलेली नजर जपून, मिटून बसली होती, आणि ती मिटूनही कमी होत होती. हे मला दिसत होतं. तीन महिने दिसत होतं.

"नाही येणार, मावशी," मी म्हटलं. "गेलेली येत नाही. आहे ती टिकावी म्हणून थेंब आहेत."

"टिकंल?"

"काही दिवस. किती ते कोणालाच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले."

त्यांनी मान हलवली. आपल्याला वाटतं अशा वेळी माणूस कोसळेल. मी पाण्याचा तांब्या जवळ ओढूनही ठेवला होता. मावशींनी तो ओलांडून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हां. आता त्या तिकीटवाल्याचं सांग. खरं."

मी सांगितलं. खिडकी, तिकीट, 'पुन्हा या', पुढचा माणूस. साडी नाही, मांडव नाही. मावशी रडल्या. डोळ्यांचं कळलं तेव्हा न आलेलं सगळं पाणी त्या तिकीटवाल्यासाठी आलं. मी काही तोंड तिकडे केलं नाही. पीठ नव्हतंच समोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप. संध्याकाळी परतल्या, पायाला चिखल, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी.

"कुठं गेला होता?"

"कशेळ्याच्या जीपनं गेलते. बघायला."

"काय बघायला?"

"माणसं."

मग हे रोजचंच झालं. जीपवाला त्यांना पुढच्या सीटवर बसवायचा. शाळेतली जी पोरं ज्या वाडीवर असतील तिथे जायचं, अंगणात बसायचं, चहा घ्यायचा, आणि बघायचं. एकेकाला उजेडात उभं करायचं. संध्याकाळी जिन्यात मला अहवाल मिळायचा. "ती तापाची पोरगी, आता नर्स झाली. दात तसेच पुढं हाईत." "एकाचं पोट सुटलंय गं. लई पळायचा. घंटा झाली की पहिला फाटकात असायचा." "एकजण गावात नव्हता. त्याची बायको बघून आले. चांगली हाय." उरलेल्या नजरेत काय काय बसवायचं याची त्यांची यादी होती. ती त्या कोणाला दाखवत नसत. मी विचारलं तर म्हणायच्या, "सोळा भाग सहा घरांत बसवले ना? मंग?"

मुलाचा फोन आला. "काकू, सांगितलंत ना तुम्ही?"

"सांगितलं."

मला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत. मग तो म्हणाला, "तिने नातवाचे सगळे व्हिडिओ मागितले. रोज फोन करते. म्हणते, आज त्याला उजेडात धर." आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतर तो त्यांना बडोद्याला घेऊन जायला आला. एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं, हे मावशींनीच त्याला सांगितलं. खाली गाडीत सामान भरत होते. आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या. निरोपाचं बोलणं झालं, डबे भरून दिले, वहिनींनी शेवटी डोळ्याला पदर लावलाच. मावशी गाडीकडे वळल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग कठडा धरत परत वर आल्या. सरळ माझ्यापाशी.

"काय राहिलं, मावशी? चष्मा? थेंब?"

"तू राहिलीस."

त्यांनी माझा दंड धरून मला जिन्याच्या खिडकीपाशी नेलं. हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवलं. आणि बघू लागल्या. एकदम सगळं दिसत नव्हतंच. आधी कपाळ, मग एक गाल, मग मान जराशी कलती करून दुसरा. पापड तळायला सोडण्याआधी उजेडात धरून बघतात तशा.

"नाकाशी तीळ हाय तुझ्या," म्हणाल्या. "येवढी वर्षं बघितलाच नाय."

मला हसू आलं. कधीही येतं मला. खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला, वहिनी म्हणाल्या, "मावशी, उशीर होतोय." मावशींचं लक्ष नव्हतं. त्या अजून माझ्या डाव्या डोळ्यापाशीच होत्या.

"हलू नको," म्हणाल्या.

मी हलले नाही.